वडिलांसाठी गाडी: अडासचे सव्वादोन लाख द्यावेत का, की सेल्फ ड्रायव्हिंग येईपर्यंत थांबावं?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. आम्ही सांगलीजवळचे. घरात आई-बाबा, मी, बायको आणि १४ महिन्यांची लेक. गाडी २०११ ची हॅचबॅक, एअरबॅग एकही नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. बाबा ६४ वर्षांचे आहेत, आत्याच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा तरी पुण्याला जातात आणि स्वतःच चालवतात, ड्रायव्हर घेऊया म्हटलं की रागावतात. गेल्या महिन्यात रात्री परत येताना पेठनाका सोडून आष्ट्याकडे वळल्यावर उसाच्या ट्रॉलीवर जाता जाता वाचले. ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर. तेव्हापासून बाबा बाहेर असले की ते घरी येईपर्यंत आई अंगणात येरझाऱ्या घालते.

बजेट ऑनरोड १५ लाख, फार तर थोडं वर. एकच कॉम्पॅक्ट एसयूव्ही नक्की केलीये, पण दोन व्हेरियंटमध्ये अडकलोय. मधल्यात ६ एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) आहे, भारत एनकॅपच्या धडक चाचणीत ५ स्टार आहेत. टॉपमध्ये तेच सगळं आणि वर अडास लेव्हल २, म्हणजे कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा, फरक सव्वादोन लाखांचा. शोरूममधला मुलगा म्हणाला की ही गाडी जवळजवळ स्वतःच चालते, काकांना काही टेन्शनच नाही. आणि एक मित्र म्हणतोय की आत्ता घेऊच नको, तीन वर्षांत सेल्फ ड्रायव्हिंग येईल मग थेट तीच घे. काय करावं? ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

घाटमाथा:
आधी मित्राचं बोलणं बाजूला ठेवा. बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही असं केंद्रीय रस्तेमंत्री गडकरींनी २०१७ मध्ये सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात परत तेच सांगितलं, कारण दोन्ही वेळा ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्यांचं दिलं. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण त्या आशेवर बाबांना अजून तीन वर्षं बिनएअरबॅगच्या गाडीत फिरवू नका. नवीन घेईपर्यंतचा प्रत्येक फेरा जुन्या गाडीतलाच असणार आहे.

आता शोरूमवाल्याचं वाक्य. ते चूक आहे आणि धोक्याचं आहे. लेव्हल शून्य ते पाच अशी मोजणी असते. लेव्हल २ म्हणजे गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्हीला मदत करते, पण चालक तुम्हीच, रस्त्यावर नजर तुमचीच, अपघात झाला तर जबाबदारी तुमचीच. लेव्हल ३ ला ठरावीक परिस्थितीत नजर काढायची परवानगी मिळते. मर्सिडीजने जर्मनीत २०२२ मध्ये ते आणलं तेव्हा फक्त ठरावीक हायवेवर आणि ताशी ६० किमीपर्यंतच चालायचं. जर्मनीच्या ऑटोबानवर ही मर्यादा, आणि आपल्याकडे पेठ-सांगली रस्त्यावर गाडी स्वतः चालते म्हणून सांगतात, मला याचा मनापासून संताप येतो.

५ स्टारबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यात गाडी ताशी ६४ किमीने समोर अर्ध्याहून कमी रुंदीवर आपटतात, बाजूने ५० ने धडक देतात, आणि वरच्या स्टारसाठी खांबावर आडवी आपटतात. मोठ्यांना किती इजा, मुलांना किती इजा याचे मार्क वेगवेगळे असतात. अडासचे मार्क त्या स्टारमध्ये नाहीत. म्हणजे तुमच्या मधल्या व्हेरियंटचे ५ स्टार हे पूर्ण ५ स्टार आहेत, टॉप घेतला म्हणून धडकेत जास्त वाचणार असं नाही. अडासचं काम धडकेच्या आधीचं, सांगाडा-बेल्ट-एअरबॅगचं काम धडकेच्या क्षणी. पैसे आधी या दुसऱ्या गोष्टीवर घाला, ते तुम्ही घालताय, छान.

माझा स्वतःचा अनुभव: अडासवाली गाडी दीड वर्ष चालवतोय, ब्रँड सांगत नाही. द्रुतगती मार्गावर लोणावळ्यापर्यंत क्रूझ (वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय) खरंच आराम देतो. पण खंबाटकीला, कात्रजला मी लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारी सोय) बंदच करतो, पट्टे पुसलेले असतात आणि गाडी मधेच स्टिअरिंग ओढते. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्या फटीत दुचाकी घुसते, गाडी ब्रेक मारते, मागचा एसटीवाला हॉर्न मारत अंगावर येतो. एकदा शिरवळजवळ पुढे काहीच नसताना कचकन ब्रेक लागला, मागे कंटेनर होता, तो थांबला म्हणून मी हे लिहितोय.

रेवती_कोथरूड:
घाटमाथा दादांशी सहमत. पण मला या सगळ्यात एकच प्रश्न सारखा पडतोय, बाळ कुठे बसतं? १४ महिन्यांची लेक आईच्या मांडीवर बसत असेल तर आधी कार सीट घ्या, व्हेरियंटचं नंतर बघा. ५० च्या वेगात धडक झाली तर १० किलोचं बाळ त्या क्षणी दोन-अडीचशे किलोच्या पोत्यासारखं पुढे जातं, कोणत्याच आईच्या हातात तेवढी ताकद नसते. आयसोफिक्सवाली (गाडीच्या सीटमधल्या हुकांना थेट अडकणारी), मागे तोंड करून बसवायची सीट घ्या आणि मागच्याच सीटवर लावा. ड्रायव्हरशेजारी, पुढे एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट कधीच लावायची नाही, एअरबॅग त्या सीटच्या पाठीवरच फुटते. पहिले चार दिवस बाळ रडतं, माझी तर वरंध घाटभर रडली होती, नंतर तीच सीट दिसली की हात पसरायला लागली.

आणि मागे बसणाऱ्या आईंना बेल्ट. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, गाडी मर्सिडीज होती, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळीकडे चर्चा झाली, पण आजही आमच्या सोसायटीत मागे बेल्ट लावणारं घर बोटावर मोजण्याइतकं. नियम आहे, दंड १००० रुपये आहे, पण दंडासाठी नका लावू हो.

अर्जुन_बे_एरिया:
मी कॅलिफोर्नियात असतो, त्यामुळे सेल्फ ड्रायव्हिंगच्या बाजूने थोडं लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीने बऱ्याचदा फिरलोय. ड्रायव्हरच्या जागेवर कोणी नसतं, स्टिअरिंग आपोआप फिरतं. पहिल्यांदा माझी आई इथे आली होती तेव्हा तिला बसवलं, तिने पूर्ण वेळ माझा हात धरून ठेवला आणि उतरल्यावर रिकाम्या सीटला नमस्कार केला. गाडी खरंच शांत चालवते, पादचारी दिसला की थांबते, पिवळा दिवा बघून घाई करत नाही.

पण हे कसं जमतं ते बघा. छतावर लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), चहूबाजूंनी कॅमेरे आणि रडार, शहराचा बारीक नकाशा आधीच बनवलेला, आणि ठरवून दिलेल्या हद्दीच्या बाहेर गाडी जातच नाही. ही लेव्हल ४. तुमच्या टॉप व्हेरियंटमधल्या काचेमागच्या कॅमेऱ्याची आणि पुढच्या रडारची याच्याशी तुलनाच होत नाही, दोन्हीला लोक सेल्फ ड्रायव्हिंग म्हणतात तिथेच सगळा घोळ होतो.

आणि इथेही सगळं गोड नाहीये. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं, त्या गेल्या. चौकशीत निघालं की सिस्टीमला त्या साडेपाच सेकंद आधी दिसल्या होत्या, पण कधी गाडी, कधी सायकल, कधी दुसरंच काही असं ती ठरवत बसली. गाडीचा मूळचा आपोआप ब्रेक बंद ठेवलेला होता, आणि लक्ष ठेवायला बसवलेली व्यक्ती फोनवर कार्यक्रम बघत होती. मी हे वाचलं तेव्हा मला आपले रस्ते आठवले. डोक्यावर पेंढ्या घेतलेली बाई, उलट्या बाजूने येणारी लूना, हौद्यात उभी माणसं, हे सगळं मशीन कशात बसवणार?

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई क्रूझ नावाच्या कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या गाडीखाली आली, आणि थांबल्यावर गाडीने परत बाजूला जायचा प्रयत्न केला त्यात ती फरफटली. त्याच महिन्यात राज्याने त्यांचं लायसन थांबवलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचं ते काम गुंडाळलं. सांगायचं एवढंच की १५ लाखांच्या गाडीसोबत ही चीज येणार नाही, तीन वर्षांत तर नाहीच.

पूर्णाथडी:
मला थोडं विरोधात लिहायचंय. सगळे मशीनच्या चुका मोजताय, माणसाच्या कोण मोजणार? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, ती माणसांनी चालवलेल्या गाड्यांमुळेच गेली ना. माझा मावसभाऊ समृद्धी महामार्गावर अपघातात गेला. पहाटेची वेळ, सरळ काँक्रीटचा रस्ता, ना वळण ना चौक, डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर. वय ३१. गाडीला एअरबॅग होत्या, बेल्ट होता. त्या गाडीत लेनवरून घसरल्यावर ओरडणारी एक साधी घंटी असती तर तो कदाचित उठला असता. मला लेव्हल दोन-तीन-चार काही माहीत नाही, पण झोप न लागणारं काहीतरी सोबत असावं असं मला रोज वाटतं. वारणाकाठ, तुमचे बाबा रात्री परत येतात. जमत असेल तर घ्या.

घाटमाथा:
पूर्णाथडी, वाचून खूप वाईट वाटलं. तुमचं म्हणणं खरं आहे, लेन सुटल्याची सूचना आणि आपोआप ब्रेक या दोन गोष्टींना माझा विरोध नाहीच, त्या चालूच ठेवाव्यात. माझा विरोध फक्त गाडी चालवते म्हणून निश्चिंत होण्याला. समृद्धीसारख्या रस्त्यावर क्रूझ लावला की पायालाही काम राहत नाही, मग डुलकी आणखी लवकर येते हे मी स्वतः अनुभवलंय.

बावीस_वर्षे_स्टिअरिंग:
मी ड्रायव्हर आहे, आधी ट्रक आता ट्रॅव्हल्स. शिकलेल्या लोकांच्यात लिहितोय चुकलं तर सांभाळून घ्या. पुण्यात नवले पुलाला दर वेळी ट्रकचे ब्रेक फेल म्हणून बातमी येते, त्यातले बरेच वेळा कात्रजच्या नवीन बोगद्यापासून उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलेलं असतं, मग गिअरचा रोध नाही, सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरतच नाहीत. तुमची गाडी कितीही हुशार असली तरी मागून तसा ट्रक आला तर ती काय करणार, म्हणून बाबांना सांगा त्या उताराला ट्रकच्या पुढे रेंगाळायचं नाही, वेग आटोक्यात ठेवून डावीकडून निघून जायचं. आणि आमच्या नोकरीची काळजी गडकरीसाहेबांनी केली त्याचं बरं वाटलं, पण आम्हाला १६-१६ तास चालवायला लावतात त्याचीही कोणीतरी करा, आम्ही झोपतो ते हौसेने नाही.

ऊस ट्रॉलीचं खरं औषध म्हणजे हंगामात रात्री नऊनंतर तो रस्ता टाळणं. कराडला मुक्काम करा, पहाटे निघा.

काच_बंपर:
बॉडीशॉपमध्ये काम करतो, खर्चाची बाजू सांगतो कारण शोरूमवाले सांगत नाहीत. अडासचा कॅमेरा पुढच्या काचेला आतून असतो. दगड लागून काच बदलली की कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो, बाहेर स्वस्तात काच टाकून आलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, लेन असिस्ट एका बाजूला ओढतंय म्हणून. रडार बहुतेक पुढच्या बंपरमध्ये किंवा ग्रिलमागे असतं, तिथे एक्स्ट्रा गार्ड, जाड नंबरप्लेट फ्रेम, पूजेचा हार, लिंबू-मिरची काही आलं की रडार आंधळं. इन्शुरन्स झिरो डेपच घ्या, म्हणजे भाग बदलताना घसारा कापला जात नाही.

एअरबॅगचंही तेच. साईड एअरबॅग सीटच्या कडेतून फुटते, त्यावर जाड लेदरचं कव्हर शिवून घेऊ नका. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलेलं असतं तिथे गणपतीची मूर्ती चिकटवू नका. बाप्पा हवाच, मधे खाली ठेवा. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, त्या मूर्तीचं काय होईल विचार करा.

रेवती_कोथरूड:
वारणाकाठ, एक विचारायचं राहिलं. बाबांची मान नीट वळते का? माझ्या सासऱ्यांना स्पाँडिलायटिस आहे, त्यांना अडासमधलं बाकी काही नाही पण ब्लाइंड स्पॉटचा आरशातला दिवा आणि रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या गाडीची सूचना याचा फार उपयोग होतो. तुमच्या टॉप व्हेरियंटमध्ये या दोन्ही आहेत का ते बघा, सगळ्यांच्या अडासमध्ये नसतात. यासाठी मागच्या बंपरमध्येही रडार लागतं.

वारणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्णाथडी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

ब्रोशर परत नीट वाचलं, रेवतीताई म्हणतात तसं मागचं रडार टॉपमध्येही नाहीये, फक्त कॅमेरा आणि पुढचं रडार आहे. शोरूमला फोन करून खात्री केली. बिनलाईटची ट्रॉली रात्री ओळखेल का असं विचारलं तर ओळखायला पाहिजे म्हणाले, मॅन्युअल मागवून घेतलं तर त्यात स्पष्ट लिहिलंय की अंधारात, धुक्यात आणि वेगळ्या आकाराच्या वाहनांना सिस्टीम ओळखेलच असं नाही. म्हणजे ज्या भीतीसाठी मी पैसे देत होतो तिथेच खात्री नाही.

म्हणून मधला व्हेरियंट बुक केला. राहिलेल्या पैशातून कार सीट, चांगले टायर आणि पुढे-मागे डॅशकॅम. पूर्णाथडी, लेन सोडली की वाजणारा डॅशकॅम मिळतो असं कळलंय, तोच बघतोय. बाबांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. ड्रायव्हर नको म्हणाले, पण आत्यासाठी पुण्याला गेलं की त्या रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी निघायचं हे कबूल केलं, हंगाम संपेपर्यंत तरी.

आता शेवटचा प्रश्न, कार सीट पुण्यात प्रत्यक्ष गाडीत लावून बघून घेता येईल असं दुकान कोणाला माहीत आहे का? गाडी पुढच्या शनिवारी मिळतेय आणि लेक पहिल्याच दिवशी त्यात बसायला हवी.

रेवती_कोथरूड:
आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. शनिवारी लेकीला सोबत आणा, तिला बसवून बेल्टची उंची बघूनच घ्या.