‘ॲथेरोस्क्लेरोसिस’ला ‘धमनीकाठिण्य’ म्हणावं का?

प्रश्न: चिनी औषधी आणि हृदयविकार यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘ॲथेरोस्क्लेरोसिस’ला ‘धमनीकाठिण्य’ चालेल का? ‘सेल सिग्नलिंग’ला काय लिहू?

उत्तर: ताई, ‘धमनीकाठिण्य’ हा ‘आर्टेरिओस्क्लेरोसिस’ला ठेवा. धमनी कशानेही ताठरली तरी तो लागू होतो. तुमच्या शब्दातला ‘ॲथेरो’ म्हणजे ग्रीकमध्ये पेज. फेलिक्स मार्शाँ यांनी १९०४ साली हा शब्द घडवला. धमनीच्या अस्तरातला थर कापला की आत मऊ, पिवळट लगदा दिसतो, तीच ही पेज. धोकाही तिथेच आहे: वरचं पातळ कवच फुटलं, की आतला लगदा रक्ताला लागतो आणि गुठळी धरते. नुसतं ‘काठिण्य’ म्हटलं की नेमकं हेच निसटतं.

चिनी शब्द बघा: ‘दोंगमाइ झोउयांग यिंगहुआ’. धमनीचं पेजेसारखं होत कडक होणं! ‘झोउ’ म्हणजे तिथे न्याहारीला खातात ती तांदळाची पेज.

आपल्या मराठी विश्वकोशात ‘रोहिणीविलेपी विकार’ आहे; ‘रोहिणी’ म्हणजे धमनीच. ‘विलेपी’त लेप तर आहेच, पण आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी ही भाताच्या पेजेचीच रूपं. मंडात भाताची शितं नाहीत, पेयेत थोडी, विलेपीत भरपूर. मला हा शब्द फार आवडतो. तो वापरात यायला हवा.

प्रश्नकर्ती: पण वाचक ‘ब्लॉकेज’ म्हणतो. ‘विलेपी’ कळेल का?

उत्तर: पहिल्यांदा ‘धमनीत पेजेसारखा थर साचणं’ असं उलगडून लिहा, मग शब्द द्या. ‘ब्लॉकेज’ हा परिणाम झाला, विकार नव्हे.

दुसरं उत्तर: चिनी वैद्यकातल्या ‘श्वेयू’ला ‘गुठळी’ लिहू नका. ‘साकळलेलं रक्त’ लिहा. मुका मार लागल्यावर आपण म्हणतो तेच. दानशेन या वनस्पतीची लाल मुळी चिनी वैद्य त्यासाठीच देतात. (वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याला ती दिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेवढं लेखात जरूर घाला.)

‘सेल सिग्नलिंग’मधल्या ‘सिग्नलिंग’ला ‘संदेशवहन’. ‘संकेत’ म्हटलं की खूण किंवा रूढी आठवते. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी पेशीद्रवात अडकवून ठेवलेलं असतं. दाहाचा निरोप आला की ते सुटतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं जागी करतं. निरोप असा हातोहात पुढे जातो, म्हणून ‘वहन’. दानशेनमधल्या टॅनशिनोन या घटकाने हा निरोप मंदावतो, असं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलं आहे. तिथे ‘बरा करतं’ हे क्रियापद नको, ‘मंदावतं’ एवढंच ठेवा.