सिगारच्या रिकाम्या पेट्या कुठे मिळतील? मुलांसाठी तीन तारांची गिटार करायची आहे

जाईजुई

नमस्कार मंडळी. मी फ्लोरिडात टॅम्पाला राहते. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या गटात दहा-बारा मुलं आहेत, दहा ते चौदा वयाची. सुट्टीत त्यांच्याकडून सिगारच्या लाकडी पेटीची गिटार करून घ्यायची असं ठरतंय. इथल्या वाचनालयात एका वादकाने अशी गिटार वाजवून दाखवली, तेव्हापासून मुलं मागे लागली आहेत.

ऑनलाइन एकेक पेटी पंधरा-वीस डॉलरला दिसते, तेवढं बजेट नाही. शिवाय दोन पालकांनी विचारलंय की तंबाखूच्या पेट्या मुलांच्या हातात का द्यायच्या, आणि त्या वासाचं काय करणार. त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणून नीट उत्तर हवंय. आणखी एक, आमच्या भजनी मंडळातल्या काकूंना अशी एखादी पेटी सूर धरायला वापरता येईल का?

कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. सुतारकामात मी अगदीच नवखी आहे.

रंधा

जाईजुई ताई, टॅम्पात राहून तुम्ही पेट्या ऑनलाइन शोधताय, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुमच्या शहराला सिगार सिटी म्हणतात ते उगाच नाही. विसेंते मार्तीनेस ईबोर या सिगार कारखानदाराने १८८६ साली की वेस्ट बेटावरून आपला धंदा टॅम्पाला हलवला आणि त्याच्या नावाची ईबोर सिटी ही वस्ती उभी राहिली. कारखान्यांत शेकडो कामगार हाताने सिगार वळत बसायचे आणि उंच बैठकीवरून एक वाचक त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. मला ही गोष्ट फार आवडते, मुलांना जरूर सांगा. घड्याळाच्या मनोऱ्याचा १९१० सालचा एक कारखाना आजही तिथे चालू आहे.

मी ऑरलँडोजवळ राहतो. निवृत्तीनंतर निम्मा आठवडा गॅरेजमध्ये रंधा-पटाशी घेऊनच असतो, आणि या पेट्या हा माझा सगळ्यात लाडका माल आहे.

आता मुद्द्याचं. ईबोरच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवर सिगारची दुकानं आहेत, तशीच प्रत्येक उपनगरात एखाद-दुसरं असतं. ही दुकानं बऱ्याच सिगार सुट्ट्या विकतात, त्यामुळे पेटी दुकानातच रिकामी होते. मालकाला ती जागा अडवणारी अडगळ असते. मला दोन ते पाच डॉलरला मिळते, शाळेसाठी आहे म्हटलं की कधी फुकटही. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी जा, मुलांचं काय करताय ते मोकळेपणाने सांगा आणि पुढच्या पेट्या बाजूला ठेवायला सांगून या. करून झालेल्या गिटारचा फोटो नेऊन दाखवलात की तो दुकानदार कायमचा तुमचा. गराज सेल आणि घरसामान विक्रीतही मिळतात, पण तिथे मनासारख्या दहा-बारा एकदम सापडणं कठीण.

मिळेल ती पेटी मात्र उचलू नका. पेटी निवडताना झाकण बघायचं, कारण आवाज झाकण देतं, बाकीची पेटी ते धरून ठेवते. झाकण उघडून एका हाताने कडेला अलगद धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा. चांगलं झाकण 'टण्ण' बोलतं आणि क्षणभर घुमतं. खोक्याच्या पुठ्ठ्यासारखं 'थप' झालं तर ती पेटी बांगड्या ठेवायला न्या. मग आतली कड नखाने दाबून बघा. बऱ्याच पेट्या वरून छापील कागद आणि आत दाबलेला भुसा अशा असतात, तिथे नख रुततं. प्लायवुडचे थर दिसले तरी चालेल, मी त्यातही गोड आवाजाच्या गिटारी केल्या आहेत. माप म्हणाल तर लांबी नऊ-दहा इंच, रुंदी सहाच्या पुढे, खोली दोन इंच. यापेक्षा उथळ पेटीत गिटारचा दांडा बसवला की आत हवेला जागाच उरत नाही.

लाकूड अस्सल असेल तर ते बहुधा स्पॅनिश सीडार असतं, म्हणजे महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडची तूण त्याची जवळची नातलग. हलकं, लालसर, रंध्याखाली लोण्यासारखं जातं. पण घासताना उडणारा बारीक भुसा नाकाला चांगलाच झोंबतो, तेव्हा मुलांना मास्क लावल्याशिवाय पॉलिश पेपर हातात देऊ नका.

एक कळकळीची विनंती. घरसामान विक्रीत कधीतरी खरी जुनी पेटी हाती येते. बारीक खिळे ठोकलेले, कापडी पट्टीचं बिजागर, तळाला कारखान्याचा क्रमांक आणि करविभाग छापलेला, कडेला कराच्या तिकिटाचा फाटका तुकडा, आत दगडी छपाईचं रंगीत चित्र. अशी पेटी कापू नका, भोक पाडू नका, ते चित्र तर खरवडूच नका. तशी छपाई आता फारशी कुणी करत नाही. साधी पुसून कपाटात ठेवा, मुलांना दाखवायला उपयोगी पडेल.

त्या तिकिटामागेच या सगळ्या कलाकुसरीचं मूळ आहे. १८६० च्या दशकात, यादवी युद्धाच्या खर्चापायी, अमेरिकी सरकारने सिगारवर कर बसवला. पुढे माल ठरावीक आकड्याच्या पेटीत भरून वर तिकीट चिकटवूनच विकायची सक्ती आली, आणि रिकामी पेटी पुन्हा सिगार भरायला वापरायची बंदी. म्हणजे घराघरांत चांगल्या लाकडाच्या पेट्या साचायला लागल्या आणि त्यांचं काय करायचं ते लोकांनी शोधून काढलं. कुणी चाकूने खाचा पाडून, थरावर थर चढवून फोटोच्या चौकटी केल्या, तर कुणी तारा ओढल्या. ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्सने लहानपणी पहिली गिटार सिगारच्या पेटीचीच केली होती. रॉक अँड रोलवाल्या कार्ल पर्किन्सची पहिली गिटार त्याच्या वडिलांनी पेटी आणि झाडूचा दांडा जोडून दिली होती. ज्यांना दुकानातली गिटार परवडत नव्हती त्यांचं हे वाद्य आहे. पालकांना हे सांगा, माझ्या मते त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

कोथरूडकर

रंधाकाका, नेहमीप्रमाणे मस्त. पुण्यात कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: इथे सिगारच्या पेट्या मिळणं दुर्मीळच. मी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चक्कर टाकतो, तिथे कधी जुन्या चहाच्या, कधी हत्यारांच्या लाकडी पेट्या मिळतात. भेट म्हणून येणाऱ्या सुकामेव्याच्या लाकडी पेट्याही बऱ्या, पण झाकण जाड असतं, ते रंधून पातळ करावं लागतं. माझ्या बहिणीने दुबईहून आणलेल्या एका सिगारच्या पेटीत आईसाठी रांगोळीच्या रंगांचे कप्पे करून दिले. दिवाळीत ती पेटी शेजारीपाजारी फिरत असते.

जाईजुई

काका, किती मनापासून लिहिलंत! मंगळवारी ईबोरला जाणार. दोन गोष्टी अजून सांगाल का? वास आणि पेटीवरची नावं यांचं काय करू? आणि मुलांना करवत द्यायची माझी हिंमत नाही, तर त्यांच्याकडून नेमकं काय करून घेऊ?

रंधा

वासाचं आधी. सुट्ट्या सिगार सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या असतील अशाच पेट्या घ्या, त्यांच्यात तंबाखूचा चुरा जवळपास नसतो. घरी आणल्यावर ब्रशने कोपरे साफ करा, किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. तरीही वास राहिला तर आतून शेलॅकचे दोन हात द्या. आपले सुतार चपड्याचं पॉलिश करतात तेच हे. ते वास अडवतं आणि पटकन सुकतं. हे काम मुलं यायच्या आधी तुम्ही करून ठेवा. सीडारमधून कधी चिकट राळ बाहेर येते, ती स्पिरिटच्या बोळ्याने निघते.

कंपनीचं नाव मुलांच्या वस्तूवर नकोच, याबाबतीत मी पूर्णपणे पालकांच्या बाजूचा आहे. आजकालच्या पेट्यांची चित्रं काही जतन करण्याजोगी नसतात. कागद असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून काढा, जाळून उमटवलेलं नाव असेल तर घासा, आणि वर मुलांना वारली काढू द्या.

मोठ्यांनी आधी करून ठेवायचं काम म्हणजे दांडा. दुकानात एक बाय दोन म्हणून मिळणारी मेपल किंवा पॉप्लरची पट्टी घ्या, तीन फूट लांब. तिची खरी जाडी पाऊण इंच असते. ही पट्टी पेटीच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आलीच पाहिजे. तीन तारांचा ताण मिळून तीसेक किलो भरतो, तो पट्टीने सोसायचा असतो. नुसती पेटीच्या कडेला चिकटवलीत तर पेटी उकलेल. आणि पेटीच्या आत जेवढी पट्टी येते तेवढा भाग वरून पाव इंच खोलगट करा, म्हणजे ती झाकणाला टेकणार नाही. झाकण मोकळं राहिलं तरच बोलतं. झाकण बंद करताना गोंद नको, चार छोटे स्क्रू लावा. पुढे आत काही सुटलं तर उघडता येतं.

मुलांनी घासायचं, रंगवायचं, खुंट्या बसवायच्या, तारा ओढायच्या आणि मापं घ्यायची. मापं तर त्यांनीच घ्यावीत. वरच्या टोकाला एक बोल्ट आडवा, झाकणावर घोडीच्या जागी दुसरा, दोघांत बरोबर २५ इंच. वरच्या बोल्टपासून साडेबारा इंचांवर खूण केली की तिथे वरच्या सप्तकातला सूर येतो. सव्वासहा इंचांवर मध्यम, ८.३ इंचांवर पंचम. पडदे ठोकायची गरज नाही, पेन्सिलच्या रेघा पुरतात. काचेची छोटी गुळगुळीत बाटली तारांवर सरकवून वाजवायचं. अर्ध्या तारेवर दुप्पट उंच सूर मिळतो हे टेपने मोजून स्वतःच्या कानाने ऐकताना मुलांचे चेहरे बघा.

तारांसाठी गिटारचा साधा संच घ्या आणि त्यातली पाचवी, चौथी, तिसरी तार वापरा. जुळवणी जी-डी-जी.

झंकार

मी तानपुऱ्यावर रियाज करणारी, म्हणून मध्ये बोलते. काकांनी सांगितलेली जुळवणी म्हणजे सरळ सा-प-सा, पांढरी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर सा धरून. भजनी मंडळातल्या बायकांना हा सूर सहसा सोयीची पडते. तेव्हा जाईजुई, काकूंना हो म्हणून सांग. तीन तारा मोकळ्या छेडत राहिलं की सूर धरायला पुरेसं आहे.

पुरुषांना काळी एक हवी असेल तर चौथी, तिसरी, दुसरी तार लावा. चौथी अर्धा सूर उतरवायची, तिसरी अर्धा चढवायची, दुसरी एक सूर चढवायची.

फक्त त्या बोल्टवर जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो भरलेला झणकार, लागणार नाही, नाद कोरडा येईल. काकूंच्या पेटीला बोल्टऐवजी शिसवीची किंवा हाडाची, वरून बोटभर रुंद आणि किंचित उतरती घोडी बसवा. मग प्रत्येक तारेखाली सुती दोरा घालून तो हळूहळू पुढे-मागे सरकवायचा. एका जागी नाद एकदम उघडतो. दोरा तिथेच ठेवा.

रंधा

झंकार ताई, दोऱ्याचं हे मला सुचलंच नव्हतं. या आठवड्यात शिसवीचा तुकडा घेऊन बसतो. अशा घोडीची उंची किती ठेवू?

झंकार

काका, झाकणापासून पाऊण इंचाच्या आसपास ठेवून बघा. तार घोडीच्या मागच्या भागावर टेकून पुढे, वाजत्या तारेच्या बाजूला, अगदी केसभर सुटी राहायला हवी, तो उतार कानसने थोडाथोडा काढा. एकदम जास्त काढलात तर नुसती खरखर येते.

जाईजुई

सगळं वहीत उतरवून घेतलंय. दोन्ही पालकांना काकांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यातले एक स्वतः ड्रिल घेऊन मदतीला येणार आहेत! काका, खुंट्या कुठल्या घेऊ?

रंधा

गिटारच्या उघड्या दात्यांच्या साध्या खुंट्या, सहाचा संच घ्या, दोन गिटारी होतात. त्यात तीन डाव्या आणि तीन उजव्या असतात, त्या मिसळू देऊ नका. भोकं पाडण्याआधी दांड्यावर मास्किंग टेप लावा, लाकूड चिरत नाही. आणि ड्रिल घेऊन येणाऱ्या गृहस्थांना सांगा, पेटीला भोक पाडताना आतून फळीचा टेकू द्या आणि ड्रिल हळू चालवा.