चाचणी उड्डाण वस्तीवरून कशाला?

घाटकोपरकर: २८ जून २०१८. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० हे दोन इंजिनांचं छोटं विमान आमच्या जागृतीनगरात कोसळलं. विमानातले चौघे गेले आणि खाली रस्त्याने चाललेला एक माणूस. मी गल्लीच्या तोंडाशी होतो. पाऊस धो धो पडत होता तरी ज्वाळा विझेनात, ओल्या सिमेंटला कितीतरी दिवस इंधनाचा वास येत होता. समोरच्या अर्धवट इमारतीवरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. बरीच वर्षं जमिनीवर असलेलं विमान दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वर न्यायचं, तर ते माणसांच्या डोक्यावरून कशाला? जुहूला पश्चिमेला समुद्रच आहे की!

पार्लेकर काका: मी विमानदुरुस्तीत आयुष्य काढलंय. समुद्रावर नेलं तरी उतरायला परत यावंच लागतं, आणि मुंबईच्या मोठ्या धावपट्टीकडे पूर्वेकडून येणारं प्रत्येक विमान घाटकोपरवरूनच खाली येतं. दाट वस्तीवर सर्वांत उंच इमारतीपेक्षा १००० फूट वर राहायचं, हा नियम उतरताना लागू नसतो. जुहूचा विमानतळ १९२८ चा, वस्ती नंतर त्याच्याभोवती वाढली. समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राची हेलिकॉप्टरंही तिथूनच जातात. एका अपघातावरून त्याला दोषी ठरवू नका.

मुग्धा, मुलुंड: मी सध्या उड्डाण शिकतेय. काका, वाद जुहूचा नाहीच. चौकशीत स्टॉल निघाला, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल तुटली, तोही सावरता येणार नाही इतक्या कमी उंचीवर. बिघडलेलं हवामान, उपकरणं बघून उडवताना पुन्हा बाहेर बघून उडवण्याकडे वळतानाचा गोंधळ, दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त झाल्याने विमानाला एका बाजूला अचानक आलेला कल. उंची न सोडता घेतलेल्या वळणात ६० अंश कललात तर ज्या वेगाखाली स्टॉल होतो तो वेगच ४१ टक्क्यांनी वाढतो. तीन हजार फुटांवर नाक खाली घालून वेग परत मिळवता येतो. तीनशे फुटांवर नाक खाली घातलं की समोर जमीनच.

पार्लेकर काका: हे मान्य. मग दोष हवामानाचा म्हण.

घाटकोपरकर: हवामानाला दोष कसला, काका? जूनच्या अखेरीस मुंबईत ढग खाली येतात हे शाळकरी पोरालाही कळतं. चाचणी एक दिवस पुढे ढकलली असती तर काय बिघडलं असतं? रस्त्यावरचा तो माणूस तर विमानात बसलाही नव्हता.

पार्लेकर काका: चाचणीपुरतं तुझं बरोबर आहे. ढग खाली असतील तर चाचणी नाही, हे कागदावर सक्तीचं करा, मी पहिली सही करतो. जुहू बंद करा म्हणालात तर मात्र विरोधात उभा राहीन.