मदत हवी आहे: खिडकीच्या काचांवरचे ओघळ काही केल्या जात नाहीत

वाघोलीचा_वाटसरू: कालपासून हॉलच्या खिडकीशी झटापट चालू आहे. पुसल्या पुसल्या काच लख्ख, दहा मिनिटांनी बघावं तर पांढरट ओघळ आणि फडक्याच्या गोल गोल खुणा. तीनदा झालं. रविवारी सत्यनारायण आहे. हॉल पश्चिमेला, चारनंतर ऊन थेट काचेवर येतं आणि सगळी अब्रू चव्हाट्यावर. खात्रीचा उपाय सांगा. 'बाई लावा' नको.

पेठकरीण: वर्तमानपत्राचा बोळा. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच. विषय संपला.

निळी_बादली: आधी नीट सांगा तरी. डाग आतून की बाहेरून? कशाने पुसता? पाणी कुठलं?

वाघोलीचा_वाटसरू: काच कशाने पुसतात? पाण्याने! वर बाजारातला निळा स्प्रे. दोन्ही बाजूंनी पुसलीय. डाग कुठल्या बाजूला तेच कळत नाहीये.

नुसताच_वाचक: आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे. ओघळ उभा दिसला तर आतला, आडवा दिसला तर बाहेरचा. आणि दुपारी पुसत असाल तर बंद करा. तापलेल्या काचेवर साबणपाणी पुसायच्या आतच वाळतं. सकाळी नऊच्या आत उरका.

कबुतरग्रस्त: गॅलरीला जाळी लावून घ्या. कबुतरं बंद तर घाण बंद.

वाघोलीचा_वाटसरू: कबुतरांचं कोणी विचारलंय?

पंचा_प्रेमी: @पेठकरीण, कागदाने मी पुसलं होतं. काच बरी झाली, पण पांढऱ्या फ्रेमवर शाईचे काळे हात. ते काढण्यात रविवार गेला. मऊ जुना पंचा घ्या.

पेठकरीण: फ्रेमला हात लावायचा कशाला? आणि आमच्या फ्रेमा सागवानी आहेत.

पंचा_प्रेमी: बरं बाई, सागवानी.

निळी_बादली: माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला. वाघोली म्हणजे टँकर का?

पेठकरीण: म्हणून म्हणते, गावात राहावं. इकडे खडकवासल्याचं पाणी, डाग कसले पडतायत!

वाघोलीचा_वाटसरू: टँकर आणि बोअर, मिक्स. पण काचेला ते वापरतच नाही. आरओच्या बारक्या नळीतून जे वाया जातं ते बादलीत साठवतो, त्याने पुसतो. फिल्टरचंच पाणी आहे की.

निळी_बादली: सापडला चोर! अहो, आरओ पाण्यातले क्षार पडद्यामागे अडवतो आणि त्याच नळीतून बाहेर फेकतो. म्हणजे बादलीतलं पाणी तुमच्या बोअरपेक्षाही जड. ते काचेवर वाळलं की मागे राहते ती पांढरी पूड. त्या बादलीने संडास धुवा, काच नको.

आता करायचं असं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, टिश्यू पेपर त्यात भिजवून डागांवर दहा मिनिटं चिकटवा. खाली कडप्पा किंवा मार्बलची पट्टी असेल तर आधी जाडसर कापड अंथरा. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, आम्लाने चकाकी जाते. ग्रॅनाइटला काही होत नाही. मग एक लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, चारच. फेस दिसला की जास्त झालं. वरून खाली रबरी वायपर ओढायचा आणि प्रत्येक ओढीनंतर त्याची रबरपट्टी कोरड्या फडक्याने पुसायची. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग वायपरला शिव्या घालतात. शेवटचं पाणी आरओचं, पण प्यायच्या नळाचं. किंवा एसीच्या नळीतलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

नुसताच_वाचक: इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड वॉटर पण चालेल. फडकं कंडिशनरमध्ये बुडवलेलं नसावं, त्याचाही तवंग काचेवर बसतो.

झटपटराव: एवढं कशाला? संडासचं ॲसिड मारा, एका मिनिटात साफ.

निळी_बादली: त्यांचं ऐकू नका. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खाऊन टाकेल, घरभर वाफ होईल ती वेगळीच.

वाघोलीचा_वाटसरू: आज सकाळी आठला एक काच केली. खालच्या कोपऱ्यात एक धुरकट ठिपका राहिलाय, तेवढा काही हलत नाही. बाकी काच आहे की नाही कळत नाही, समोरच्या काकूंच्या दोरीवरचे चिमटे मोजता येतायत. बादलीचा अपमान गिळला. पण आत्ताच एक कबुतर येऊन बाहेरून शिंतोडा मारून गेलं. @कबुतरग्रस्त, जाळीचं काय म्हणत होता?