पन्नाशीतल्या बापाने चिडायचं पण नाही का? ('ओल्ड डॅड्स'वरून)

उशिराचा_बाप
परवा एक पोस्ट वाचली, 'ओल्ड डॅड्स बघून ज्यांना आपलीच बाजू मांडली असं वाटतं ते बाप नाहीत, दाढी पिकलेली हट्टी पोरं आहेत, उशिरा मूल झालंय ना मग जग बदललंय हे गपगुमान मान्य करा'. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो. आज मुलगी आईबरोबर पोहायला गेलीय, घरात शांतता आहे, तर लिहूनच टाकतो.

माझं वय ५२, मुलगी ६ वर्षांची. 'ओल्ड डॅड्स' हा उशिरा बाप झालेल्या तीन मित्रांचा अमेरिकन सिनेमा. काही महान नाही, त्यातला मुख्य बाप झालेला विनोदवीर बिल बर यानेच पहिल्यांदा दिग्दर्शन केलंय आणि ते कळतं, उत्तरार्ध तर नुसता भरकटलाय. पण तो बालवाडीचा प्रसंग! बाप पोराला आणायला जरा उशिरा पोचतो, मुख्याध्यापिका त्याला सगळ्यांसमोर झापते, आणि हा नको तो शब्द बोलून बसतो. शब्द घाणेरडाच आहे, त्याचं समर्थन नाही. पण त्याच्या आधीचं ते गोड आवाजातलं झापणं आहे ना, ते मी दर महिन्याला ऐकतो. मागच्या दिवाळीनंतर डब्यात शंकरपाळे दिले तर शाळेच्या ग्रुपवर 'डिअर पेरेंट्स' म्हणून पौष्टिक डब्याची लिंक आली, नाव न घेता. ग्रुपवर ४३ पालक आहेत, शंकरपाळे कोणाचे ते ४३ जणांना माहीत होतं. माझ्या आईने केलेले होते हो ते, ७८ वर्षांची आहे ती.

मी काही बोललो नाही. थम्सअप टाकला. म्हणूनच तो माणूस पडद्यावर ओरडला तेव्हा मला बरं वाटलं, एवढंच. त्याला हट्टी पोर म्हणायचं असेल तर म्हणा.

बंड्या_२७
काका (वयावरून म्हणतोय, राग नसावा), तुमच्या शंकरपाळ्यांना पूर्ण पाठिंबा. पण सिनेमात तरुण पोरगा म्हणजे कोण? तो नवा बॉस. बावळट, टवाळ, भारी भारी शब्द फेकणारा, आल्या आल्या ठराविक सालाआधी जन्मलेल्यांना घरी पाठवणारा. म्हणजे बापांचं दुःख खरं आणि आम्ही कार्टून. माझ्या ऑफिसात उलटं आहे. बॉस ४८चा, दर मीटिंग 'आमच्या वेळी'ने सुरू होते, रात्री साडेदहाला फोन करतो आणि उचलला नाही तर सकाळी विचारतो 'तब्येत बरी आहे ना?' ह्याच्यावर कोणी सिनेमा काढत नाही कारण सिनेमा काढायचे पैसे त्यांच्याकडेच आहेत.

घाटावरची
तुम्हाला बरं वाटलं ते समजलं. मला सांगा, तो ओरडून मोकळा झाल्यावर शाळेत माफी मागायची, बाकीच्या आयांची तोंडं बघायची, परत गोड बोलायचं हे कुणाच्या गळ्यात? त्याची बायको पोटुशी आहे त्या सिनेमात. आमच्याकडे पण असंच. नवरा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडून आला की पुढचा महिनाभर लिफ्टमध्ये मी हसायचं. उशिराचे असोत नाहीतर वेळेवरचे, बापांचा स्वभाव हा घरातल्या बाईचा पार्ट टाइम जॉब असतो.

आकडेमोड
थोडी माहिती. अमेरिकेत १९७२ मध्ये नवजात बाळाच्या बापाचं सरासरी वय २७.४ होतं, २०१५ मध्ये ३०.९. चाळिशीपुढच्या बापांचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून ८.९ वर गेलं. बर स्वतः ४८व्या वर्षी पहिल्यांदा बाप झाला. म्हणजे हा विषय हवेतून आलेला नाही.

घाटावरची
बरं झालं सांगितलंत, आता लिफ्टमध्ये हसताना आकडे आठवीन.

उशिराचा_बाप
@घाटावरची, मान्य, बायकोला निस्तरावं लागतं. पण सिनेमा तेच दाखवतो की, ती त्याला तोंडावर सांगते तुझ्या रागाचं काहीतरी बघ. विनोद त्याच्यावरच आहे. आणि बदलत नाही बदलत नाही म्हणता, माझे वडील घरात आले की आम्ही रेडिओ बंद करायचो. माझी मुलगी मला 'ए बाबा सरक' म्हणते आणि मी सरकतो. हा बदल नाही?

सदाशिव_३०
थांबा. इथेच सगळा घोळ आहे. बापाला अरेतुरे. आईला 'अगं' हे मी समजू शकतो, ते पूर्वापार आहे, आईचं नातं वेगळं. पण वडिलांना 'अहो बाबा'च. ती जी एका अक्षराची मर्यादा होती ती गेली आणि मग बाप कार्टून झाला, सिनेमात पण आणि घरात पण. तुम्ही स्वतः सरकलात, मग शाळेची बाई सरकवणारच. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिका आठवा, तीन पिढ्या एका घरात, विनोद रोज, पण आबांचा मान कुठे गेला?

वऱ्हाडी_ठेचा
काका हे तुमचं पुन्याचं झालं. माह्या बापाले आमी 'बा' म्हनत होतो अन् तू च म्हनत होतो. 'बा तू जेवला का?' अस्संच. त्याच्यानं मान कमी झाला असं गावात कोनाले वाटलं नाही, अन् बा नं एकदा पाहालं का आमी तिथंच गार. अहो-जाहो वरून संस्कार मोजाचे तर अर्धा महाराष्ट्र नापास.

सदाशिव_३०
मी पुण्याचा नाही, साताऱ्याचा आहे. आयडी बघून सदाशिव पेठ, पुणे ३० वाटलं असेल, पण तो दिनदर्शिकेवरून घेतला होता, जाऊ दे. आणि बोलीचा अपमान करायचा हेतू नव्हता. मी शहरात मुद्दाम, हौसेने, 'आम्ही मित्रांसारखे आहोत' म्हणून जे चालतं त्याबद्दल बोलतोय.

न्यूजर्सीकर
आमच्या पोरांना मराठीत 'तुम्ही' हा शब्दच नाही, कारण मराठी बोलायला घरात दोनच माणसं, त्यांची आई आणि मी, आणि दोघंही तू. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा नातू त्यांना म्हणाला 'आजोबा, तू दमलास, तू झोप'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील निवृत्त हेडमास्तर. ते खरंच जाऊन झोपले. माझ्या आईने नंतर सांगितलं, खोलीत जाऊन हसत होते, म्हणे चाळीस वर्षांत मला कोणी झोप म्हणालं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. इथे पाळणाघरात उशीर झाला की गोड आवाज वगैरे नाही, सरळ मिनिटाला एक डॉलर. बर्फ पडलं होतं, २२ मिनिटं उशीर, २२ डॉलर. सही करून आलो. सिनेमातला बाप ओरडतो ते मला पटलंच नाही. त्या बायकांना पण घरी त्यांची पोरं असतात.

तिरकस_काकू
मी साठीची, त्यामुळे मला काकू म्हणालात तरी चालेल. 'ओल्ड डॅड्स'ला समीक्षकांनी धुतलं आणि प्रेक्षकांनी उचलून धरलं यात नवीन काही नाही. असाच बाप अमेरिकेत १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' या टीव्ही मालिकेत आला होता. आर्ची बंकर, खुर्चीत बसून काळे, ज्यू, बायका, जावई, सगळ्यांवर तोंडसुख घेणारा बाप. लिहिणारा नॉर्मन लिअर पुरोगामी, त्याचा हेतू हा की लोकांनी आर्चीला हसावं. मग १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तर निघालं काय, की ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता. ते त्याच्याबरोबर हसत होते. एकच विनोद, दोन प्रेक्षक, दोघेही खूश. आर्चीची खुर्ची पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, तेव्हा उशिराचे बाप, तुमचा सोफा जपून ठेवा.

तर विनोद त्याच्यावरच आहे हे तुमचं म्हणणं तपासून बघा. तुम्हाला हसू आलं का बरं वाटलं? तुम्ही स्वतःच लिहिलंय, बरं वाटलं.

उशिराचा_बाप
काकू, हे मनाला लागलं. तरी एक. आर्ची वंशावरून बोलायचा, मी शंकरपाळ्यांवरून बोलतोय. प्रत्येक कुरकुरणारा बाप आर्ची नसतो.

तिरकस_काकू
नसतो. आर्चीला पण तो आर्ची आहे असं वाटत नव्हतं.

सदाशिव_३०
अमेरिकेतून परत या जरा. माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. धाक नको, मान्य. पण अंतर? बापाशी थोडं अंतर असावं की नाही? आमच्या घरात वडिलांना 'दादा' म्हणायचो कारण चुलत भावंडं म्हणायची, आणि 'अहो दादा'. त्यांच्यासमोर पाय पसरून बसलो नाही कधी. आमचं काही वाईट झालं नाही. हल्ली ज्या बायका 'आमच्याकडे सगळं मोकळं आहे' म्हणतात त्यांच्या पोरांकडे बघा एकदा.

घाटावरची
'ज्या बायका'? बोला ना सरळ नाव घेऊन, मीच आहे इथे.

आम्ही सहा भावंडं. वडिलांना 'अहो अण्णा'. चपलांचा आवाज आला की परसदारी पळायचो, भरलं ताट सोडून. त्याला तुम्ही अंतर म्हणता, मर्यादा म्हणता, आम्ही सहाही जण भीती म्हणतो. चार वर्षांपूर्वी ते दवाखान्यात होते. आम्ही सगळे कॉटच्या पायथ्याशी उभे, खुर्ची असून उभे. माझ्या भावाचा मुलगा पाच वर्षांचा, 'ए आजोबा सरक ना' म्हणून कॉटवर चढला. ते सरकले. नळी सांभाळत सरकले. मी ४४ वर्षांची होते आणि त्यांच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते, त्या दिवशी पण नाही बसले. तुमचं ते एक अक्षर ठेवा तुमच्याकडे.

वऱ्हाडी_ठेचा
ताई 🙏

बंड्या_२७
अरे बापरे. धागा कुठून कुठे गेला.

सदाशिव_३०
तुमच्या वडिलांबद्दल काही बोलायचं नव्हतं मला. 'ज्या बायका' हे चुकलं, मागे घेतो.

नातवाला सगळेच सरकून जागा देतात, मुलांना देत नाहीत, हे मात्र मी तरीही म्हणेन, आणि ते तुमच्या बाजूचं आहे की माझ्या ते मला आता कळेनासं झालंय. माझा मुलगा बंगळूरला आहे. मला अजून 'अहो बाबा' म्हणतो. महिन्यातून एकदा फोन, चार मिनिटं, तब्येत, पाऊस, आईला देतो. घ्या, वापरा माझ्याविरुद्ध.

न्यूजर्सीकर
नाही वापरत काका. पण तुम्ही करा ना फोन.

सदाशिव_३०
तो कामात असतो.

उशिराचा_बाप
मी सिनेमावर धागा काढला होता, व्याकरणावर नाही, ही आपली एक नोंद. टिपऱ्यांचं म्हणाल तर सदाशिवराव, आबांचा मान 'अहो'मुळे नव्हता. त्यांना नातवंडांचं सगळं जाणून घ्यायची खाज होती, रात्री डायरीत लिहायचे. वैतागायचा तो मधल्या पिढीतला शेखर, आबांचा मुलगा. आणि आपण सगळे शेखर आहोत, आबा व्हायला अजून वेळ आहे. माझ्या बाबतीत तर जास्तच वेळ आहे, मुलगी पहिलीत आहे, आजोबा होईपर्यंत मी ऐंशीच्या घरात असेन. हा विनोद त्या सिनेमात आला नाही, यायला हवा होता. उशिराच्या बापाला चीड असते ती शाळेच्या बाईची नसतेच पूर्णपणे. शाळेबाहेर उभा राहिलो की वॉचमन विचारतो 'नातीला न्यायला आलात?' मागच्या वर्षापर्यंत दुरुस्त करायचो, आता हो म्हणतो, पटकन गेट उघडतो तो.

तिरकस_काकू
हे आधी लिहिलं असतंत तर मी आर्चीला मध्ये आणलंच नसतं.

बंड्या_२७
ओके, एक कबुली. सिनेमा मी बाबांबरोबर बघितला, ते ५८. तो प्रसंग आहे ना, गप्पा रेकॉर्ड होतात आणि तिघांची नोकरी जाते, तिथे बाबांनी रिमोट घेतला, पॉज केलं आणि विचारलं, 'ग्रुपवरचं पण असं कोणी बघू शकतं का रे?' म्हटलं हो. रात्री पाणी प्यायला उठलो तर हे चष्मा लावून बसलेले, कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवरचे जोक एकेक करून डिलीट. मी म्हटलं फक्त तुमच्या फोनवरून जातायत हो ते, बाकी साठ जणांकडे तसेच आहेत. ते म्हणाले निदान आपल्या घरातून तरी जाऊ देत. त्यामुळे अगदीच बदलत नाहीत असं नाही म्हणणार. वेळ चुकीची आणि बटण चुकीचं, पण प्रयत्न असतो.

(आणि हो, मी बाबांना अहो म्हणतो. आईला अगं. का ते मला पण माहीत नाही.)

घाटावरची
बंड्या, तुझ्या बाबांना सांग, 'डिलीट फॉर एव्हरीवन' ठराविक वेळेतच चालतं. आमच्या ह्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

सदाशिव_३०
'आमच्या ह्यांना'. म्हणजे नवऱ्याला अहो चालतं?

घाटावरची
झोपा आता.

पहिलाच_प्रतिसाद
नमस्कार, वरचं सगळं वाचलं नाही. सिनेमा कुठे बघायला मिळेल? वडिलांना दाखवायचाय, मराठीत आहे का?

वऱ्हाडी_ठेचा
नेटफ्लिक्सवर पाहा भाऊ. इंग्रजीच आहे. त्याच्यात सगळेच सगळ्याईले 'यू' म्हनतेत, वडलाईले समजवून सांगतानी त्याचं तू कराचं का तुमी ते तुमच्या घरच्या रीतीनं पाहून घ्या.