मदत हवी आहे: न्यूमोनिया आहे, पण कल्चरमध्ये जंतू सापडत नाही

नमस्कार मंडळी. बाबा नंदगडजवळ असतात. वय ६८, शुगर आहे, बिडी-तंबाखू नाही. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग, ताप, बेडका गंजासारखा तांबूस. गावातल्या डॉक्टरांनी लगेच अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं; थुंकी बेळगावला कल्चरला (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) गेली ती त्यानंतर.

रिपोर्ट 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे तोंडा-घशात नेहमी असणारेच जंतू. पण त्याच कागदावर एपिथेलियल सेल्स (तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी) २५ च्या वर आणि पस सेल्स (पुवाच्या पेशी) १० च्या खाली आहेत. म्हणजे छातीतला बेडका न जाता तोंडातली लाळच गेली असणार, त्यामुळे या रिपोर्टवर माझा भरवसा नाही. टीबीची सीबीनॅट आणि कोविड, दोन्ही निगेटिव्ह. ऑक्सिजन ९५. सध्या सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत; ताप उतरलाय, खोकला तसाच.

औषध सुचवू नका, ते डॉक्टर बघतायत आणि त्यांच्यावर विश्वास आहे. तपासणीचंच विचारायचंय. न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाचा एक नेहमीचा जंतू) लघवीतली अँटीजेन टेस्ट (जंतूचे अंश शोधणारी) अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मायकोप्लाझ्मा हा दुसरा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढतच नाही, त्याला पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) लागते, एवढं समजलंय. बाबांना मिरज-कोल्हापूरपर्यंत नेणं आत्ता जमणार नाही, नमुना मात्र कुठेही पोचवू शकतो.

लॅबमधलं किंवा दवाखान्यातलं कुणी असेल तर सांगा: इंजेक्शनं चालू असताना सकाळचा, चूळ भरून घेतलेला खोल बेडका पुन्हा कल्चरला देण्यात अर्थ आहे का? आणि ती लघवीची टेस्ट बेळगावात कुठे होते, साधारण किती रुपयांत?