आरएसव्ही ‘ए’ की ‘बी’?
ब्राँकिओलायटिसने (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या सुजेने) दाखल झालेल्या बाळात आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचा ‘ए’ प्रकार निघाला तर धोका जास्त असतो का, या प्रश्नावर थोडी भर घालते. काही अभ्यासांत ‘ए’ जास्त त्रासदायक दिसला, काहींत फरकच आढळला नाही. दोन्ही प्रकार मुख्यतः विषाणूच्या पृष्ठभागावरील ‘जी’ प्रथिनात वेगळे आहेत. १९९९मध्ये ब्युनोस आयर्सला आणि २०१०मध्ये ओंटारिओत सापडलेले नवे वंशही याच प्रथिनातल्या बदलांमुळे ओळखले गेले, आणि पुढे जगभर पसरले. पृष्ठभागावरचंच ‘एफ’ हे दुसरं प्रथिन मात्र फारसं बदलत नाही, म्हणून त्याला चिकटणारं निर्सेव्हिमॅब हे आरएसव्ही टाळण्यासाठीचं प्रतिपिंडाचं इंजेक्शन दोन्हींवर चालतं.

माझ्या मते पालकांनी प्रकाराच्या अक्षरात अडकू नये. बाळाचं वय, अपुऱ्या दिवसांचा जन्म, हृदयविकार यांनी जास्त फरक पडतो. उपचारही तेच: ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं, पोटात पुरेसं दूध-पाणी.